दुखण्याचा रोजमेळ



पनवेलहून नेऱ्याकडे जाणारा रस्ता आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पनवेलच्या बाजारात पेढी असणारी आपलीही काही कुटुंबे तिकडे राहावयास गेली. तरी गाढी नदीच्या बाजूने माथेरानच्या डोंगराकडे पाहत पुढे गेले की मन आपोआप शांत होते. याच नेरे गावी कुष्ठरोग निवारण समितीचे 'शांतिवन' आहे. चातुर्मासात आमच्यापैकी काही जण तेथे धान्य आणि कपडे घेऊन जातात. गेल्या खेपेस ज्या श्रावकाच्या गाडीतून मी गेलो, त्यांनी परतीच्या वाटेवर जी हकिकत सांगितली ती या महिन्याच्या लेखाचे कारण आहे. त्यांच्या संमतीने, नाव न घेता, ती येथे देतो.

शांतिवनातून बाहेर पडताना ते म्हणाले, "काकासाहेब, येथील माणसांना आजाराने जेवढे दुःख दिले, त्याहून अधिक घरच्यांनी हात सोडल्याने झाले असेल, नाही?" मी होकार दिला. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "मी घरात राहूनच हात सोडला होता. मला ते कळलेही नव्हते."

त्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती सात वर्षांची असताना एकाएकी तिची तहान वाढली. रात्री चार-चार वेळा उठू लागली, अंथरूण ओले होऊ लागले, जेवूनही वजन उतरू लागले. घरच्यांना वाटले, उन्हाळा आहे. एके दिवशी उलट्या आणि धाप लागली म्हणून रुग्णालयात नेले, तेव्हा रक्तातील साखर अतोनात वाढलेली होती. निदान झाले टाइप-१ मधुमेहाचे.

हा मधुमेह आपल्या ओळखीचा नव्हे, हे प्रथम स्पष्ट करावयास हवे. आपल्या पेढ्यांवर बसणाऱ्या पन्नाशीच्या मंडळींना होतो तो टाइप-२. त्यात शरीर इन्सुलिन करते, पण ते पुरेसे लागू पडत नाही. टाइप-१ मध्ये शरीराची संरक्षणयंत्रणाच चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींचा नाश करते. मिठाई खाल्ल्याने तो होत नाही, गर्भारपणी आईने काय खाल्ले यानेही होत नाही. गोळी, काढा, कारल्याचा रस यांपैकी कशानेही इन्सुलिनची जागा भरून निघत नाही. ते बाहेरून रोज द्यावे लागते आणि बंद केले तर काही दिवसांत जीवावर बेतते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात वीस वर्षांखालील अशी सव्वादोन लाखांहून अधिक मुले आहेत. जगातील कोणत्याही देशापेक्षा ही संख्या मोठी आहे.

त्या घरात कामाची वाटणी आपोआप झाली. कोणी बसून ठरवली नाही. वडिलांनी पैसा पाहिला. उत्तम डॉक्टर शोधले, मुंबईला गाडीने नेले, इन्सुलिन कधी संपू दिले नाही. बाकी सर्व आईकडे गेले. दिवसाकाठी चार सुया, पाच वेळा बोट टोचून तपासणी. व्यापारी माणसाने एकदा गुणाकार करून पाहावा. वर्षाला १,४६० सुया आणि १,८२५ टोचण्या. त्याखेरीज रात्री दोनचा गजर लावून झोपलेल्या मुलीचे बोट धरून पाहणे. प्रत्येक फुलक्याचा, प्रत्येक वाटी भाताचा अंदाज बांधून सुईचे माप ठरविणे. शाळेच्या सहलीस पाठवावे की नाही, लग्नघरी जेवण उशिरा वाढले तर काय, सर्दी-तापात माप किती बदलावे, हे सगळे एकाच डोक्यात.

आईने एक वही ठेवली होती. तारीख, वेळ, साखर, सुईचे माप, काय खाल्ले. दोन वर्षांत अशा तीन वह्या भरल्या. वडील मला म्हणाले, "माझ्या पेढीवर सव्वा रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत मी उठत नाही. रोजमेळ मी स्वतः पाहतो. पण दोन वर्षांत ती वही मी एकदाही उघडली नव्हती."

मागील पर्युषणात त्यांच्या सासऱ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि पत्नीला तीन दिवस माहेरी जावे लागले. तिने कागदावर सर्व लिहून ठेवले होते. पहिल्याच संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे होते, पुढे उपाश्रयात जायचे होते. वडिलांनी कागदावर लिहिलेले माप पाहून सुई दिली. मुलीने मात्र घाईत अर्धाच खाकरा खाल्ला, उरलेले ताटात टाकले आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेऊन मैत्रिणींबरोबर धावत निघाली. उपाश्रयाच्या आवारात ती तासभर खेळली. माप नेहमीचे, अन्न निम्मे आणि खेळ दुप्पट. साखर उतरणारच होती. जेवण पाहून माप ठरवायचे असते, हे त्या कागदावर नव्हते, कारण आईच्या दृष्टीने ते सांगावे लागेल असे तिला वाटलेच नव्हते.

रात्री साडेआठला मुलगी चिडचिड करू लागली. वडिलांना वाटले, दमली आहे, आईची आठवण येत असेल. ते रागावलेही. आजींनी कपाळाला हात लावला तर थंडगार घाम. मुलगी काहीतरी असंबद्ध बोलत होती. वडिलांनी पत्नीला फोन लावला. ती म्हणाली, "आधी बोट तपासा." यंत्र कोणत्या खणात असते हे त्यांना माहीत नव्हते. सापडले तेव्हा पट्टी कोणत्या बाजूने लावायची ते कळेना. आकडा आला ५२. सत्तरच्या खाली गेला की धोका सुरू होतो, हे त्यांना त्या क्षणी फोनवर कळले.

ते साखरेचे पाणी घेऊन गेले तर मुलीने तोंड घट्ट मिटले आणि म्हणाली, "पप्पा, माझे चौविहार आहे."

"काकासाहेब," ते सांगत होते, "वाटी हातात धरून मी उभा होतो. किती साखर घालायची ते ठाऊक नाही, व्रत मोडावे की नाही ते ठाऊक नाही. बाईजींनीच वाटी माझ्या हातातून घेतली आणि तिला म्हणाल्या, 'बेटा, दोष लागला तर मला लागू दे. तू पी.'" पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, आकडा वर आला होता. मुलगी झोपली. वडील त्या रात्री झोपले नाहीत.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अनेक घरांत तिच्याविषयी संभ्रम आहे. आपल्या पच्चक्खाणांतच आगार म्हणजे सवलती सांगितलेल्या आहेत. देहास तीव्र पीडा होऊन समाधी ढळू लागली तर औषधोपचार घेण्याची मोकळीक त्यांत आहे. अशा मुलास तपाची इच्छा झाली तर ती दाबू नये, पण आई-वडील दोघांनी मिळून आधी डॉक्टरांना विचारावे, मग गुरुमहाराजांपुढे आजाराची पूर्ण हकिकत ठेवावी आणि मुलाला कोणते पच्चक्खाण झेपेल ते त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. खिशातील साखर हे त्या मुलाचे औषध आहे, हे मुलास पर्युषणाआधी सांगितलेले असावे. रात्री साडेआठला ते समजावून सांगण्याची वेळ येऊ नये.

इन्सुलिनविषयी दुसरा प्रश्नही आपल्या घरांत विचारला जातो, बहुधा हळू आवाजात: ते कशापासून बनते? १९२२ पासून अनेक दशके ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. १९८२ साली प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांकडून बनविलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि आज आपल्याकडे मुलांना दिले जाणारे इन्सुलिन सर्वसाधारणपणे त्याच पद्धतीचे असते. शंका असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. मनात ठेवून सुई चुकवू नये.

त्या सुईचा इतिहासही आई-वडिलांच्या वाट्याचा आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलास मधुमेहावरील इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्या नव्या औषधास होकार दिला तो त्याच्या वडिलांनी. पहिले औषध पुरेसे शुद्ध नव्हते. १२ दिवसांनी सुधारलेले दिले आणि मुलगा सावरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी तेथे आली. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. तीन वर्षे तिला जवळजवळ उपाशी ठेवून जगविले होते, कारण तेव्हा तोच उपचार होता. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचे वजन अवघे २० किलोच्या आसपास होते. डॉक्टर बँटिंग यांना पत्र लिहिले तिच्या आईने, तिला घेऊन गेली ती आईच. वडिलांचे प्रेम उणे होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यावर राष्ट्राचा भार होता. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या घरातील वाटणी आणि आपल्या पेढीवाल्या घरातील वाटणी यांत मला मात्र फारसा फरक दिसत नाही. एलिझाबेथ पुढे १९८१ पर्यंत जगली. सुई नीट चालत राहिली तर आयुष्य पूर्ण मिळू शकते, याचा तो आरंभीचा दाखला आहे.

'मी कमावतो, ती सांभाळते' ही वाटणी निरोगी घरात कदाचित चालून जाते. जुनाट आजाराच्या घरात ती तीन ठिकाणी तुटते. पहिले म्हणजे, आई आजारी पडली, माहेरी गेली, बाळंत झाली, की घरात उपचार जाणणारा दुसरा माणूस उरत नाही. दुसरे, वर्षानुवर्षे रात्री दोनला उठणारी बाई थकते, आणि थकलेल्या माणसाकडून मापात चूक होते. तिसरे, मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की आईच्या रोजच्या टोकण्याला कंटाळते, सुई चुकवते, खोटे आकडे लिहिते. या वयात वडिलांचाही उपचारात हात असेल तर मुले तो अधिक नीट पाळतात, असे या विषयाच्या अभ्यासकांना आढळले आहे. त्यांत नवल नाही. आजार फक्त आईचे काम असेल तर मुलास तो आईची कटकट वाटतो.

यापेक्षाही कठोर एक गोष्ट आहे, ती म्हणजे दोष. "आमच्याकडे कोणाला नव्हते, तुमच्या माहेरी कोणाला होते का?" हे वाक्य मी चांगल्या, धर्मनिष्ठ घरांत ऐकले आहे. टाइप-१ मधुमेहात त्यास आधार नाही. थॅलेसेमियासारख्या आजारात तर शास्त्राचा निर्वाळाच उलट आहे: मुलास मोठा थॅलेसेमिया व्हावयाचा तर आई आणि वडील दोघेही वाहक असावे लागतात, आणि तसे असल्यास प्रत्येक गर्भारपणी धोका चारांत एक इतका असतो. म्हणून तर विवाहापूर्वी रक्ताची तपासणी दोन्ही बाजूंनी करावी असे सांगतात. जो आजार दोघांकडून निम्मा-निम्मा आला, त्याची सेवा मात्र एकटीने का करावी?

वडिलांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. निदानाच्या दिवशी रुग्णालयातील परिचारिका सुई कशी द्यावी ते आईला शिकविते. वडील त्या वेळी खिडकीवर पैसे भरत असतात. पुढे डॉक्टरही आईकडे पाहूनच बोलतात. घरी बापाने एकदा सुई हातात घेतली की, "राहू द्या, तुम्हाला जमायचे नाही," असे ऐकावे लागते. पुष्कळ बापांना आपल्या लेकराला टोचण्याची भीती वाटते. ती कबूल करण्याचीही लाज वाटते. मग ते पेढीवर अधिक वेळ बसतात. यांतला एक मी होतो. माझ्या मुलास लहानपणी दमा होता. त्याची आई रात्ररात्र त्याला मांडीवर उभे धरून बसे आणि मी सकाळी दात घासताना विचारीत असे, "रात्री ठीक होता ना?" ती "हो" म्हणे. तो "हो" खरा नव्हता, हे मला त्याच्या लग्नानंतर, एका साध्या बोलण्यात कळले. आज त्याची भरपाई होऊ शकत नाही.

नोकरदारांना रजा मागावी लागते. केंद्र सरकारने २००८ मध्ये अपत्यसंगोपनाची ७३० दिवसांची रजा दिली ती स्त्री कर्मचाऱ्यांना. पुरुषांत ती २०१८ नंतर मिळाली तीही एकट्या पालकालाच. म्हणजे आई असताना बापाने मुलाजवळ थांबावे, हे नियमालाही अजून सुचलेले नाही. पण आपले काय? आपण कोणाकडे अर्ज करणार? शटरची किल्ली आपल्याच कमरेला आहे. महिन्यातून एक सकाळ दुकान तासभर उशिरा उघडले तर गिऱ्हाईक जात नाही. भावाला गादीवर बसविता येते. व्यापाऱ्याला वेळ नाही, ही सबब मी स्वतः वापरली आहे, म्हणून तिची किंमत मला ठाऊक आहे.

नेऱ्याच्या त्या घरात पर्युषणानंतर काय बदलले, ते सांगतो; ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना उपयोगी पडेल.

खमतखामणाच्या दिवशी त्यांनी पत्नीची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या दिवशी वही मागितली. एक आठवडा ती सांगेल तसे लिहिले. मग सुई शिकले. आता सकाळची सुई वडिलांची. दुकानाला निघण्यापूर्वी ती होते. रात्री दोनचा गजर एक दिवसाआड त्यांच्या उशाशी असतो. रविवार पूर्ण त्यांचा. त्या दिवशी माप चुकले तरी पत्नी मध्ये बोलत नाही, विचारले तरच सांगते. तिच्यासाठी हे सुई देण्यापेक्षा कठीण गेले, असे ती म्हणते. डॉक्टरांकडे दोघे जातात आणि प्रश्न वडील विचारतात. बाईजींनाही यंत्र चालविता येते.

फ्रिजवर एक कागद लावला आहे. साखर सत्तरखाली गेली की लहान मुलास दोन, मोठ्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, डॉक्टरांनी नेमके प्रमाण ठरवून दिले असेल त्याप्रमाणे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मग थोडे खाणे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालयात न्यायचे. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. वापरातली कुपी साधारण महिनाभर थंड जागी चालते. पालिताणा किंवा शिखरजीच्या यात्रेला निघताना इन्सुलिन सामानाच्या पेटीत नव्हे, हातातल्या पिशवीत. वीज नसेल तेथे पाण्याने ओले ठेवलेले मातीचे मडके कामी येते.

शाळेपासून आजार लपविणे त्यांनी सोडले. आधी भीती होती की मुलगी आहे, उद्या स्थळे येतील. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपला समाज लहान आहे आणि बातमी पायाने नव्हे, पंखांनी जाते. पण वर्गात घाम फुटून मुलगी कोसळली आणि बाईंना कारणच माहीत नसले तर स्थळाचा प्रश्न उरणार नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये सर्व राज्यांना कळविले आहे की अशा मुलांना शाळेत साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची, मधल्या वेळी खाण्याची मुभा असावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून परीक्षेतही खाण्याचे पदार्थ जवळ ठेवू दिले आहेत. शाळेत हे सांगण्यासाठी वडील स्वतः गेले. बाईंनी वही पाहून विचारले, "आई नाही आल्या?" ते म्हणाले, "आज माझी पाळी आहे."

गाडीतून उतरताना त्यांनी मला चौथी वही दाखविली. दोन हस्ताक्षरे होती. एक सुबक, बारीक. दुसरे पेढीवरचे, तिरपे, आकड्यांखाली रेघ ओढलेले. एका रविवारी आकडा २९० आलेला होता आणि पुढे लिहिले होते: 'शिरा. अंदाज चुकला. चूक माझी.'

वाचकहो, ज्यांच्या घरी मधुमेह, दमा, फिट्स, थॅलेसेमिया असे कोणतेही दीर्घ दुखणे घेऊन मूल वाढत आहे, त्या घरातील बापाने आज एवढेच करावे: औषधाचे नाव, त्याचे माप आणि ते कोणत्या खणात असते, हे कोणाला न विचारता सांगता येते का ते पाहावे. येत नसेल तर आज रात्री पेढी वाढवून घरी गेल्यावर ती वही मागावी. आईने ती द्यावी, आणि पहिला महिना चुका पोटात घालाव्यात.

आपले अनुभव अवश्य कळवावेत.

जय जिनेंद्र.